री:इन्व्हेंट २०२४ : मंचावर काय जाहीर झालं, हातात काय आलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसची, म्हणजे एडब्ल्यूएसची (इंटरनेटवरून यंत्रं आणि सॉफ्टवेअर भाड्याने देणारी अ‍ॅमेझॉनची शाखा), री:इन्व्हेंट परिषद डिसेंबर २०२४ मध्ये झाली, पण तिच्याबद्दलचे प्रश्न अजून थांबलेले नाहीत. थांबणार तरी कसे? त्या आठवड्यात जाहीर झालेल्या निम्म्या गोष्टी वापरायला मिळेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं होतं. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे विषय एकमेकांत गुंततो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. री:इन्व्हेंट म्हणजे नक्की काय? कुठे भरते?

एडब्ल्यूएसची वार्षिक परिषद. पहिली २०१२ साली झाली. तेव्हापासून दरवर्षी नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेत लास व्हेगसला भरते; २०२० ची तेवढी ऑनलाइन झाली. २०२४ ची परिषद २ ते ६ डिसेंबरला होती आणि साधारण साठ हजार लोक प्रत्यक्ष हजर होते. एवढी गर्दी एका इमारतीत मावत नाही, म्हणून सत्रं व्हेनेशियनपासून मँडले बेपर्यंत वेगवेगळ्या हॉटेलांत विखुरलेली असतात. दोन सत्रांच्या मध्ये अर्धा तास चालणं हा तिथला नेहमीचा व्यायाम.

डेटाचं विश्लेषण करणारी रेडशिफ्ट (२०१२), सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी लॅम्डा (२०१४), एआय मॉडेलं घडवायची सेजमेकर (२०१७) या सेवा पहिल्यांदा याच मंचावर दिसल्या. त्यामुळे क्लाउडवर काम करणारे लोक या आठवड्यात कान टवकारून बसलेले असतात.

२. मुख्य भाषणं कुणाची होती? एकच बघायचं तर कोणतं?

सोमवारी रात्री पीटर डिसँटिस, मंगळवारी मॅट गार्मन, बुधवारी स्वामी शिवसुब्रमण्यन आणि त्याच दिवशी भागीदार कंपन्यांसाठी रुबा बोर्नो, गुरुवारी व्हर्नर व्होगेल्स. गार्मन जून २०२४ मध्ये एडब्ल्यूएसचे प्रमुख झाले, त्यामुळे त्या पदावरून त्यांचं हे पहिलंच भाषण. त्यातच मध्ये अ‍ॅमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी येऊन नोव्हा ही एआय मॉडेलं जाहीर करून गेले.

बातम्या हव्या असतील तर गार्मन. काही शिकायचं असेल तर डिसँटिस. चिप आणि नेटवर्क आतून कसं चालतं हे इतक्या सोप्या भाषेत सांगणारं दुसरं भाषण त्या आठवड्यात झालं नाही.

३. वेळ नाही. सगळ्यात महत्त्वाचं काय, ते थोडक्यात सांगा.

वर्तमानपत्रांनी नोव्हा मॉडेलं (प्रश्न ५) आणि एआयसाठीची ट्रेनियम२ चिप (प्रश्न ८) उचलून धरली. माझा क्रम वेगळा आहे. पहिलं, एस३ टेबल्स (प्रश्न १२). दुसरं, ऑरोरा डीएसक्यूएल (प्रश्न १४). तिसरं, बेडरॉकचं (एआय मॉडेलं भाड्याने वापरायची सेवा) बिल कमी करणाऱ्या सोयी (प्रश्न १७). ट्रेनियम२ चौथं आणि नोव्हा पाचवं. कारण साधं आहे: मॉडेलं दर काही महिन्यांनी बदलतात. डेटा जिथे आणि ज्या स्वरूपात ठेवला, तिथेच तो वर्षानुवर्षं पडून राहतो.

४. 'प्रिव्ह्यू' आणि 'जीए' यांत फरक काय? घोषणा झाली म्हणजे वापरता येते ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. मंचावरच्या घोषणा तीन प्रकारच्या असतात आणि टाळ्या तिघांनाही सारख्याच पडतात.

जीए (जनरल अव्हेलेबिलिटी) म्हणजे सेवा सर्वांसाठी खुली झाली. दर ठरले, हमीचा करार लागू झाला, प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या कामात, टाकायला हरकत नाही. प्रिव्ह्यू म्हणजे वापरून बघा, पण भरवशावर राहू नका. मर्यादा बदलतील, एखादं फीचर गायब होईल, आणि बहुधा एक-दोन रीजनमध्येच (रीजन म्हणजे एडब्ल्यूएसच्या डेटा सेंटरांचा भौगोलिक विभाग) मिळेल. तिसरा प्रकार 'लवकरच येत आहे'. त्यात आज हाती काहीच येत नाही.

२०२४ च्याच घोषणा घेऊ. ऑरोरा डीएसक्यूएल डिसेंबरमध्ये प्रिव्ह्यूत होता, जीए झाला मे २०२५ मध्ये. सेजमेकर युनिफाइड स्टुडिओ मार्च २०२५ मध्ये खुला झाला. नोव्हा कुटुंबातलं सगळ्यात मोठं मॉडेल प्रीमियर एप्रिल २०२५ च्या अखेरीस आलं. ऑटोमेटेड रीझनिंगला (प्रश्न १९) ऑगस्ट २०२५ उजाडला. आणि ट्रेनियम३, जिचं नाव त्याच मंचावर घेतलं गेलं, ती वापरायला मिळाली डिसेंबर २०२५ मध्ये, म्हणजे पुढच्या परिषदेत.

जीए झालं तरी काम संपत नाही, रीजन बघावंच लागतं. एस३ टेबल्स पहिल्याच दिवशी जीए होतं, पण उत्तर व्हर्जिनिया, ओहायो आणि ओरेगन या तीनच ठिकाणी. ट्रेनियम२ ची यंत्रं सुरुवातीला फक्त ओहायोत. म्हणून घोषणेचा लेख मी खालून वाचायला घेतो. उपलब्धता आणि दर यांचा परिच्छेद शेवटी असतो, आणि कामाचं तिथेच लिहिलेलं असतं.

५. अ‍ॅमेझॉन नोव्हा म्हणजे काय? किती मॉडेलं आहेत?

अ‍ॅमेझॉनने स्वतः तयार केलेलं मॉडेलांचं कुटुंब. २०२४ च्या घोषणेत मजकूर समजून उत्तर देणारी चार होती: मायक्रो, लाइट, प्रो आणि प्रीमियर. मायक्रोला फक्त मजकूर कळतो आणि ते एका वेळी १,२८,००० टोकन (मजकुराचे छोटे तुकडे) घेतं. लाइट आणि प्रो यांना मजकुरासोबत चित्र आणि व्हिडिओही देता येतो, मर्यादा ३,००,००० टोकन. प्रीमियर नंतर आलं (प्रश्न ४). याखेरीज चित्रं बनवणारं कॅनव्हास आणि व्हिडिओ बनवणारं रील. रील सुरुवातीला सहा सेकंदांचीच क्लिप देत होतं. दोन मिनिटांपर्यंत नेऊ असं तेव्हाच सांगितलं होतं आणि पुढच्या वर्षी ते झालंही.

ही सगळी मॉडेलं बेडरॉक या सेवेतून वापरायची.

६. नोव्हा स्वस्त आहे म्हणतात. म्हणजे नक्की किती?

घोषणेच्या वेळचे दर दहा लाख टोकनमागे असे होते. मायक्रो: आत जाणाऱ्या टोकनांना ०.०३५ डॉलर, बाहेर येणाऱ्यांना ०.१४ डॉलर. लाइट: ०.०६ आणि ०.२४. प्रो: ०.८० आणि ३.२०.

हिशेब करून बघू. तुमच्याकडे दहा हजार तक्रारपत्रं आहेत, प्रत्येक सरासरी २,००० टोकनांचं, आणि प्रत्येकाचा २०० टोकनांत सारांश हवा आहे. आत गेले दोन कोटी टोकन, बाहेर आले वीस लाख. मायक्रोवर हे काम ०.७० अधिक ०.२८, म्हणजे ०.९८ डॉलरमध्ये होतं. प्रोवर १६ अधिक ६.४०, म्हणजे २२.४० डॉलर. एकाच कामाला जवळजवळ तेवीसपट फरक! त्यामुळे 'सगळ्यात चांगलं मॉडेल कोणतं' असं विचारण्यापेक्षा 'या कामाला पुरेसं पडणारं सगळ्यात छोटं मॉडेल कोणतं' असं विचारलेलं परवडतं. तपासायचं कसं? शंभर पत्रं दोन्हीकडून काढा आणि कुठली कुणाची ते झाकून वाचा.

एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांसाठी. देवनागरी मजकुराला तेवढ्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा साधारणपणे जास्त टोकन लागतात. इंग्रजी नमुन्यावरून काढलेलं अंदाजपत्रक मराठीला तसंच लावू नका.

७. अ‍ॅमेझॉनने अँथ्रॉपिकमध्ये एवढे पैसे घातलेत, मग स्वतःचं मॉडेल कशाला?

अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकमध्ये (क्लॉड हे मॉडेल बनवणारी कंपनी) आणखी चार अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं, एकूण आठ अब्ज. दोनच आठवड्यांत नोव्हा आलं, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. पण एडब्ल्यूएसचा धंदा एका मॉडेलवर चालत नाही. बेडरॉकमध्ये क्लॉड, लामा, मिस्ट्रल ही इतर कंपन्यांची मॉडेलं शेजारीशेजारी विकायला ठेवलेली असतात, आणि ग्राहक कुणाकडेही वळला तरी यंत्रांचं भाडं एडब्ल्यूएसकडेच येतं. जॅसी यांनी मंचावर सांगितलं की अ‍ॅमेझॉनच्या आतल्या टीमना मोकळीक दिल्यावर त्याही एकाच मॉडेलवर थांबल्या नाहीत. स्वतःचं स्वस्त मॉडेल हाताशी असलं की दुसऱ्यांशी दरांची घासाघीस करणं सोपं जातं, हे काही कुणी मंचावरून सांगत नाही.

८. ट्रेनियम२ चिपमध्ये एवढं विशेष काय?

आधी आकडे. एका ट्रेनियम२ यंत्रात १६ चिप असतात आणि ते मिळून एफपी८ (आठ बिटांचे आकडे) अचूकतेवर २०.८ पेटाफ्लॉप्सपर्यंत (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणितं) गणित करतात. अशी चार यंत्रं जोडली की अल्ट्रासर्व्हर होतो: ६४ चिप, ८३.२ पेटाफ्लॉप्स. ही जोडणी साध्या नेटवर्कने केलेली नाही. न्यूरॉनलिंक नावाच्या जलद दुव्याने चारही यंत्रं एकासारखी वागतात. एडब्ल्यूएसच्या दाव्यानुसार, तेव्हाच्या त्यांच्याच जीपीयू (एआयसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्राफिक्स चिप) यंत्रांच्या तुलनेत ट्रेनियम२ वर त्याच पैशांत ३० ते ४० टक्के जास्त काम होतं.

आता यामागचं कारण. डिसँटिस यांनी ते चांगलं उलगडून सांगितलं. मोठं भाषा मॉडेल उत्तर देताना दोन टप्प्यांत काम करतं. पहिल्या टप्प्यात तुमचा सगळा प्रश्न एकदम वाचला जातो. तिथे भरमसाठ गुणाकार लागतात, म्हणून चिपची गणिती ताकद कामी येते. दुसऱ्या टप्प्यात उत्तर एकेक टोकन करत बाहेर पडतं. दर टोकनाला मॉडेलचे सगळे आकडे मेमरीतून पुन्हा वाचावे लागतात, गणित मात्र थोडंच असतं. इथे चिपला मेमरीची वाट बघत बसावं लागतं. म्हणून एका यंत्रात दीड टेराबाइट जलद मेमरी आणि सेकंदाला ४६ टेराबाइट वाचण्याची क्षमता हे आकडे पेटाफ्लॉप्सइतकेच महत्त्वाचे.

मॉडेल एका यंत्राच्या मेमरीत मावेनासं झालं की त्याचे तुकडे अनेक चिपवर ठेवावे लागतात आणि त्या सतत एकमेकींशी बोलत राहतात. त्यांच्यातला दुवा मंद असेल तर महागड्या चिप नुसत्या तापत बसतात. अल्ट्रासर्व्हर आणला तो यासाठी.

९. प्रोजेक्ट रेनियर हे काय प्रकरण आहे?

ट्रेनियम२ चे अल्ट्रासर्व्हर लाखोंच्या चिपसंख्येने एकत्र जोडून अँथ्रॉपिकसाठी उभारलेला समूह. तेव्हा सांगितलं गेलं की अँथ्रॉपिकने त्या वेळची मॉडेलं ज्यावर घडवली त्याच्या पाचपटीहून जास्त गणिती ताकद यात असेल. हीही त्या दिवशी घोषणाच होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये जवळपास पाच लाख ट्रेनियम२ चिपसह समूह चालू झाल्याचं अ‍ॅमेझॉनने जाहीर केलं.

१०. अ‍ॅपल खरंच एडब्ल्यूएसच्या चिप वापरते का?

हो. गार्मन यांच्या भाषणात अ‍ॅपलचे बेन्वा ड्युपॅन मंचावर आले होते, आणि अ‍ॅपल दुसऱ्या कंपनीच्या मंचावर असं सहसा बोलत नाही. ग्रॅव्हिटॉन आणि इन्फरेन्शिया या एडब्ल्यूएसच्या चिप आधीपासून वापरात असल्याचं त्यांनी सांगितलं. ट्रेनियम२ ची मात्र तेव्हा चाचपणी चालू होती. प्रीट्रेनिंगमध्ये (मॉडेल घडवण्याचा पहिला, मोठा टप्पा) ५० टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता वाढेल अशी अपेक्षा होती. 'अ‍ॅपलने एनव्हिडिया सोडलं' असे मथळे तेव्हा फिरले, ते या वाक्यांतून निघत नाहीत.

११. मग आम्हीही जीपीयू सोडून ट्रेनियमवर जावं का?

बहुतेकांसाठी उत्तर: मुद्दाम उठून जाऊ नका. तुम्ही मॉडेल बेडरॉकमधून वापरत असाल तर खाली कोणती चिप आहे याने तुमच्या कोडला काही फरक पडत नाही. स्वतः मॉडेल चालवत किंवा घडवत असाल तर प्रश्न वेगळा. ट्रेनियमसाठी न्यूरॉन हा सॉफ्टवेअर संच लागतो. पायटॉर्च किंवा जॅक्स या प्रचलित साधनांत लिहिलेलं, प्रचलित रचनेचं मॉडेल असेल तर ते फारशी कुरकुर न करता येतं. पण तुमच्या टीमने एनव्हिडियाच्या क्युडामध्ये स्वतःचे कर्नल (थेट चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम) लिहिले असतील तर ते नव्याने लिहावे लागतील, आणि ३० ते ४० टक्क्यांची बचत त्या पगारांत कधीच विरघळून जाईल.

एडब्ल्यूएसने एनव्हिडियाशी काडीमोड घेतलेला नाही, हेही लक्षात असू द्या. त्याच भाषणात एनव्हिडियाच्या ब्लॅकवेल चिपवर चालणारी पी६ यंत्रंही जाहीर झाली होती.

१२. एस३ टेबल्स म्हणजे काय? एस३ मध्ये तर फाइली ठेवतात ना?

ठेवतात, आणि त्याच फाइलींना टेबल म्हणून वापरण्याची धडपड गेली कित्येक वर्षं चालू आहे. एस३ ही २००६ साली सुरू झालेली साठवणीची सेवा. २०२४ मध्ये तिच्यात ४०० ट्रिलियनहून जास्त ऑब्जेक्ट (साठवलेल्या फाइली) असल्याचं सांगितलं गेलं. त्यांतल्या पार्केट (डेटा स्तंभांनुसार साठवणारं स्वरूप) फाइलींवर अपाची आइसबर्ग नावाचा थर चढवला की त्या फाइली डेटाबेसच्या टेबलासारख्या वागतात: क्वेरी करता येते, म्हणजे हवी ती माहिती विचारून काढता येते, ओळ बदलता येते, कालची स्थितीही परत बघता येते.

अडचण देखभालीची. समजा दर मिनिटाला नोंदी येऊन पडताहेत. दर वेळी एक छोटी फाइल तयार होते. दिवसाला १,४४०, महिन्याला त्रेचाळीस हजारांच्या वर, आणि हे एकाच टेबलाचं. एक साधी क्वेरी टाकली की इंजिन आधी हजारो फाइली उघडत बसतं. डेटा थोडा असूनही उत्तराला वेळ लागतो. म्हणून कुणीतरी रात्री काम लावून छोट्या फाइली एकत्र करायच्या, जुने स्नॅपशॉट (टेबलाच्या आधीच्या स्थिती) काढायचे, कुणाच्याच नसलेल्या फाइली पुसायच्या. एखाद्या रात्री ते काम पडलं की सकाळी डॅशबोर्ड रेंगाळतो आणि फोन वाजायला लागतात.

एस३ टेबल्समध्ये टेबल बकेट नावाचा बकेटचा (एस३ मधला डेटा ठेवायचा कप्पा) नवा प्रकार आला आणि ही झाडलोट एस३ स्वतः करू लागलं. छोट्या फाइली एकत्र करून ठरलेल्या आकाराच्या, सुरुवातीच्या सेटिंगनुसार ५१२ मेगाबाइटच्या, बनवल्या जातात. स्वतः सांभाळलेल्या आइसबर्ग टेबलांच्या तुलनेत क्वेरी तिप्पट वेगापर्यंत आणि सेकंदाला दहापट व्यवहार, असा एडब्ल्यूएसचा दावा आहे. तुमची टेबलं आधीच नीट सांभाळलेली असतील तर तिप्पट वेग दिसणार नाही. हे आकडे अस्ताव्यस्त टेबलांना जास्त लागू पडतात.

१३. आमची आइसबर्ग टेबलं साध्या एस३ बकेटमध्ये आहेत. ती हलवायलाच हवीत का?

नाही, ती चालतच राहतील. टेबल बकेट हा वेगळा प्रकार असल्यामुळे जुन्या बकेटवर एक बटण दाबून तो चालू होत नाही, डेटा नव्याने लिहावा लागतो. शिवाय फाइली एकत्र करण्याचे वेगळे पैसे लागतात. जिथे सतत, बारीकबारीक लिखाण होतं अशी टेबलं आधी हलवा. महिन्यातून एकदा भरली जाणारी टेबलं आहेत तिथेच राहू द्या. आणि टेबल बकेट कोणत्या रीजनमध्ये मिळते ते आधी बघून घ्या (प्रश्न ४).

१४. ऑरोरा डीएसक्यूएल कुणासाठी आहे?

ज्यांना एकच डेटाबेस दोन रीजनमध्ये चालवायचा आहे, दोन्हीकडे लिहायचं आहे, आणि दोन्हीकडे कायम तोच डेटा दिसायला हवा आहे, त्यांच्यासाठी. हे तिन्ही एकदम मिळणं अवघड असतं. सहसा एका रीजनला मुख्य मानून दुसरीकडे प्रत ठेवतात आणि ती प्रत काही क्षण मागे असते. तेवढ्यात मुख्य रीजन बंद पडलं तर शेवटचे काही व्यवहार गेले.

डीएसक्यूएलमध्ये दोन्ही रीजन बरोबरीची असतात आणि तिसरं रीजन साक्षीदार म्हणून फक्त व्यवहारांची नोंद ठेवतं. एका रीजनसाठी ९९.९९ टक्के आणि अनेक रीजनसाठी ९९.९९९ टक्के उपलब्धतेचं उद्दिष्ट आहे. व्होगेल्स यांनी याची रचना सविस्तर दाखवली: क्वेरी चालवणारा भाग वेगळा, व्यवहारांतले संघर्ष सोडवणारा वेगळा, नोंदवही वेगळी, साठवण वेगळी. सगळ्या यंत्रांची घड्याळं मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने जुळलेली असतात, त्यामुळे कोणता व्यवहार आधीचा हे ठरवायला दर वेळी एकमेकांना विचारावं लागत नाही.

एकाच शहरातल्या ग्राहकांसाठी साधं ॲप चालवत असाल तर याची गरज नाही. साधा ऑरोरा, म्हणजे एडब्ल्यूएसचा नेहमीचा डेटाबेस, पुरे.

१५. डीएसक्यूएल पोस्टग्रेसशी सुसंगत आहे म्हणतात. मग आहे तो डेटाबेस उचलून ठेवला तर चालेल?

बहुधा नाही. सुसंगत आहे ती बोली. पोस्टग्रेस या प्रचलित मुक्तस्रोत डेटाबेसची सगळी वैशिष्ट्यं त्यात आलेली नाहीत. सुरुवातीला फॉरेन की (टेबलांमधला दुवा राखणारी) नव्हती, ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारे) नव्हते, सीक्वेन्स (क्रमांक देणारे) नव्हते. एका व्यवहारात किती ओळी बदलता येतील यालाही मर्यादा आहे, त्यामुळे 'सगळ्या टेबलात एकदम अपडेट' ही जुनी सवय इथे अडते. यादी बदलत असते, हलवण्यापूर्वी ताजी बघा.

खरा झटका मात्र वेगळीकडे बसतो. नेहमीच्या पोस्टग्रेसमध्ये दोन व्यवहार एकाच ओळीवर आले तर दुसरा कुलूप उघडायची वाट बघतो. डीएसक्यूएलमध्ये कुणीच वाट बघत नाही. दोघेही आपापलं काम करतात आणि कमिटच्या, म्हणजे व्यवहार पक्का करण्याच्या, वेळी तपासणी होते. जो आधी पोचला त्याचा व्यवहार पक्का झाला, दुसऱ्याला ४०००१ हा एरर कोड मिळतो. तो व्यवहार पुन्हा करण्याची जबाबदारी तुमच्या कोडची. ही सोय नसेल तर चाचणीत सगळं सुरळीत दिसेल आणि गर्दीच्या दिवशी ऑर्डरी गळायला लागतील. एका ओळीत सगळ्यांनी मिळून वाढवायचा काउंटर ठेवला असेल तर तो आधी मोडून टाका.

१६. डायनॅमोडीबीलाही असंच काहीतरी आलं ना? मग कोणतं घ्यायचं?

आलं. डायनॅमोडीबी हा की देऊन नोंदी आणायचा एडब्ल्यूएसचा डेटाबेस. त्याच्या ग्लोबल टेबलमध्ये अनेक रीजनमध्ये तात्काळ सुसंगत वाचन, तेही आधी प्रिव्ह्यूत आणि जून २०२५ अखेर जीए. आधीच डायनॅमोडीबीवर असाल आणि की देऊन एक नोंद आणणं एवढंच काम असेल तर तिथेच राहा. जॉइन आणि एसक्यूएल हवं असेल तर डीएसक्यूएल. एक खाच लक्षात ठेवा: डायनॅमोडीबीच्या या प्रकारात ट्रान्झॅक्शनच्या (अनेक बदल एकत्र करण्याच्या) आज्ञा चालत नाहीत.

१७. बेडरॉकचं बिल कमी करणाऱ्या कोणत्या सोयी आल्या?

तीन. पहिली प्रॉम्प्ट कॅशिंग. तुम्ही दर वेळी तीच लांबलचक सूचना किंवा तेच पन्नास पानी दस्तऐवज पाठवत असाल तर तो भाग मॉडेलकडे तयार ठेवला जातो. खर्चात ९० टक्क्यांपर्यंत आणि वेळेत ८५ टक्क्यांपर्यंत बचत, असा दावा. अट अशी की सुरुवातीचा भाग अक्षर न अक्षर तोच हवा. सूचनेच्या पहिल्या ओळीत आजची तारीख-वेळ घालण्याची सवय अनेकांना असते, आणि तेवढ्यानेच कॅश निकामी होते. बदलणारा मजकूर शेवटी टाका. शिवाय सुरुवातीला साठवलेला भाग काही मिनिटंच टिकायचा, त्यामुळे तासाला एक प्रश्न येत असेल तर उपयोग शून्य होता.

दुसरी इंटेलिजंट प्रॉम्प्ट राउटिंग: सोपा प्रश्न छोट्या मॉडेलकडे, अवघड प्रश्न मोठ्याकडे, पण एकाच कुटुंबातल्या मॉडेलांत. बचत ३० टक्क्यांपर्यंत.

तिसरी डिस्टिलेशन: मोठ्या मॉडेलची उत्तरं वापरून छोट्याला तुमच्या एकाच कामासाठी तयार करायचं. ७५ टक्क्यांपर्यंत स्वस्त असा आकडा दिला गेला; अर्थात त्या एका कामापुरतं. मी सुरुवात नेहमी कॅशिंगपासून करतो, कारण त्यात उत्तराचा दर्जा बदलण्याची भीती नाही.

१८. आमचे वापरकर्ते मराठीत प्रश्न विचारतात. राउटिंग चालेल का?

भरवसा ठेवू नका. प्रॉम्प्ट राउटिंग इंग्रजी प्रॉम्प्टसाठीच जुळवलेलं आहे, असं एडब्ल्यूएसच्या कागदपत्रांतच म्हटलं आहे. मराठी प्रश्न सोपा की अवघड हा अंदाज चुकू शकतो. कॅशिंगला भाषेचं सोयरसुतक नाही, ते वापरा. मॉडेल कोणतं घ्यायचं ते प्रश्न ६ मध्ये सांगितलंय तसं स्वतः तपासून ठरवा.

१९. ऑटोमेटेड रीझनिंगमुळे एआयची थापेबाजी बंद झाली का?

सरसकट नाही. बेडरॉकमधल्या या तपासणीच्या सोयीची एका चौकटीत मात्र मदत होते. तुमचे नियम, उदाहरणार्थ रजेचं धोरण, आधी तार्किक विधानांत बदलले जातात. मॉडेलचं उत्तर आलं की ते या विधानांशी गणिती पद्धतीने ताडून बघितलं जातं. 'सहा महिने पूर्ण झालेल्या कायम कर्मचाऱ्यालाच रजा' असा नियम असेल आणि मॉडेलने चौथ्या महिन्यात रजा मंजूर केली, तर ते पकडलं जातं आणि कोणता नियम मोडला तेही कळतं. हे तंत्र एडब्ल्यूएस परवानग्यांच्या धोरणांची तपासणी करायला आधीपासून वापरत होतंच, त्यामुळे पाया पक्का आहे.

पण नियम लिहिलेलाच नसेल तर तपासणार कशाशी? कविता, सारांश, सर्वसाधारण ज्ञानाचे प्रश्न यांच्या वाटेला ही सोय जात नाही. आणि मूळ धोरणच संदिग्ध असेल तर ते विधानांत बदलताना तुमच्याच माणसांत वाद होतील. खरं सांगायचं तर तो वाद झालेला चांगलाच.

२०. सेजमेकरचं नाव बदललं का? आमचा कोड तुटेल?

जुन्या सेजमेकरला आता सेजमेकर एआय म्हणतात, आणि नुसतं 'सेजमेकर' हे नाव डेटा, विश्लेषण आणि मॉडेल या सगळ्यांच्या छत्रीला दिलं गेलं. कोडमधली नावं, एपीआय तीच राहिली, काही तुटत नाही. तुटतं ते शोधणं: जुने लेख आणि नवी पानं वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात.

२१. ॲमेझॉन क्यू डेव्हलपर जुना मेनफ्रेमचा कोड आपोआप बदलून देतो, हे खरं?

'आपोआप' हा शब्द सोडला तर बऱ्याच अंशी. क्यू डेव्हलपर म्हणजे कोडच्या कामात मदत करणारा एआय सहायक, आणि मेनफ्रेम म्हणजे मोठ्या संस्थांची जुनी केंद्रीय संगणकयंत्रं. डॉटनेटचे विंडोजवरचे प्रोग्राम लिनक्सवर नेणं, व्हीएमवेअरवरचं काम हलवणं आणि मेनफ्रेमचा कोड समजून घेऊन त्याचं रूपांतर, अशा तीन गोष्टी प्रिव्ह्यूत जाहीर झाल्या. मे २०२५ मध्ये त्या एडब्ल्यूएस ट्रान्सफॉर्म या नावाखाली खुल्या झाल्या. यातला सगळ्यात उपयोगी भाग मला वाटतो तो कोड वाचून त्याची कागदपत्रं तयार करणं. चाळीस वर्षांपूर्वी कोबोल या जुन्या भाषेत कोड लिहिणारी माणसं निवृत्त झालेली असतात आणि कोणता प्रोग्राम कुणाला बोलावतो हे कुणालाच ठाऊक नसतं. रूपांतर झालेला कोड तपासायला मात्र धंद्याचे नियम माहीत असलेला माणूस लागतोच.

२२. सत्रं फुकट बघता येतात का?

मुख्य भाषणं आणि ब्रेकआउट (व्याख्यान) प्रकारची सत्रं यूट्यूबवर मोफत आहेत. चॉक टॉक आणि वर्कशॉप यांचं रेकॉर्डिंग होत नाही. शोधताना सत्राचा कोड बघा: एसटीजी म्हणजे साठवण, डीएटी म्हणजे डेटाबेस, पुढचा आकडा पातळी सांगतो. १०० किंवा २०० ने सुरू होणारं सत्र ओळखीपुरतं, ४०० वालं तज्ज्ञांसाठी. २०० च्या बऱ्याच सत्रांत विक्रीचा सूर असतो; ३०० पासून पुढे माणसं मोकळेपणाने बोलतात.

२३. इथे जाहीर झालेली सेवा पुढे बंद झाली तर?

होते कधीकधी. क्यूएलडीबी हा डेटाबेस २०१८ च्या परिषदेत थाटात जाहीर झाला होता. त्याचा आधार ३१ जुलै २०२५ ला संपला. ब्राउझरमध्ये कोड लिहायच्या क्लाउड९ ची घोषणा २०१७ मधली, जुलै २०२४ पासून नव्या ग्राहकांना दार बंद. नवी सेवा निवडताना मी एकच बघतो: बाहेर पडायचं झालं तर डेटा कोणत्या स्वरूपात मिळेल? एस३ टेबल्समध्ये आइसबर्ग आहे, ते इतर इंजिनंही वाचतात. डीएसक्यूएलची बोली पोस्टग्रेसची, त्यामुळे परतीची वाट येण्याच्या वाटेपेक्षा सोपी. एखाद्याच सेवेच्या खास सोयींवर सगळं ॲप बांधून बसलेल्यांना मात्र क्यूएलडीबीच्या वेळी कोडच नव्याने लिहावा लागला.